खालचा फुटवा

उकंडरावांचा कोणावरही विश्वास नव्हता आणि ही गोष्ट ते लपवत नसत. पाहुणा ओसरीवर टेकला की चहाच्या आधीच ती त्याला कळे. एसटीत चढले की कंडक्टरला विचारायचे, "मेहकरलेच जाते न?" तो हो म्हणाला की पुढे जाऊन ड्रायव्हरला विचारायचे. मग दोघांचं उत्तर एकच आलं म्हणजे दोघं मिळालेले असतील, अशी शंका येऊन शेजारच्या बाईला विचारायचे. शेगावला दर्शनाला गेले तर बायकोला, मनकर्णाबाईंना, चपलांपाशी बसवून आधी आपण आत जात, आणि बाहेर आल्यावर चपला आपल्याच आहेत का ते पायात घालून बघत. ढोरांचा डॉक्टर आला तर सुई आधी शेजाऱ्याच्या बैलाला टोचायला लावत. तो बैल संध्याकाळपर्यंत उभा राहिला, तर दुसऱ्या दिवशी आपला बैल पुढे करत.

याचं मूळ त्यांच्या नावात आहे असं गाव म्हणे. त्यांच्या आधीची चार लेकरं गेली होती. पाचवं झालं तेव्हा आईनं त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, हे टाकून दिलेलं पोर आहे असं दैवाला वाटावं म्हणून. एका शेजारणीनं ते उचललं आणि पसाभर कोंडा घेऊन आईला परत दिलं. नाव ठेवलं उकंडा. पोर जगलं. "माया मायनं यमाले ठकवलं," उकंडराव सांगत, "मंग माणूस माणसाले काऊन नाही ठकवणार?" आणि त्यापुढचं वाक्य ठरलेलं असे. "पण मले आजपावतर कोनी ठकवलं नाही."

ते खरंही होतं. बियाण्यात, बैलात, सोयरिकीत, उकंडराव कुठेच फसले नव्हते. पैनगंगेकाठी त्यांची चांगली काळी जमीन होती, पण त्यांना विचाराल तर खरी इस्टेट हीच, न फसल्याची. आणि गाव त्या इस्टेटीवर टपून बसलेलं. उकंडराव एकदा तरी ठकावेत आणि ते आपण डोळ्यांनी पाहावं, एवढीच कित्येकांची इच्छा होती.

महाराष्ट्र राज्य होऊन पाच वर्षं झाली होती. त्या आषाढात शेतीखात्याचे एक साहेब जीपमध्ये पाच रोपं घालून गावात आले. ग्रामपंचायतीसमोरच्या लिंबाखाली लोक जमले. साहेब म्हणाले, हे थंड मुलखातलं फळ आहे, पण वाण नवं आहे, संकरित आहे. आपल्या उन्हात आणि नदीकाठच्या दमट हवेत ते येतं का ते पाहायचंय.

"संकरित म्हंजे?" कोणीतरी विचारलं.

"दोन वेगळ्या जातींचा संबंध करून तिसरी जात काढायची."

लिंबाखाली लोक एकमेकांकडे पाहू लागले. जातींचा संबंध हे शब्द चारचौघांत असे मोकळेपणी उच्चारायचे नसतात, हे साहेबांना शहरात कोणी शिकवलं नसावं. शिवाय हायब्रीड ज्वारीनं गावाची जीभ आधीच विटली होती. भाकर थापताना चिरते, खाल्ली की पोटात दगड होतो, अशी तिची ख्याती. आणि कोणाचा जावई जरा लेचापेचा निघाला तर त्यालाही लोक हायब्रीडच म्हणत.

"अन् फयाचं नाव काय?"

"आलुबुखारा."

"आलू बी अन् बुखार बी? एकाच झाडाले?" दयाराम शिंपी मागून म्हणाला आणि लोक खो खो हसले. वऱ्हाडात आलू म्हणजे बटाटा आणि बुखार म्हणजे ताप. नदीकाठच्या गावाला तापाची ओळख कोणी नव्यानं करून द्यायला नको होती.

कोणीच पुढे होईना. तेवढ्यात रंगराव, ज्यांची गावात संत्र्याची सगळ्यांत मोठी बाग, ते सहज बोलून गेले, "उकंडराव, तुमी नका घेऊ बरं. तुमच्यानं निभनार नाही."

झालं. रंगराव नको म्हणतात, म्हणजे रंगरावांनाच हवंय. आपण घेऊ नये म्हणून नको म्हणतात. उकंडराव धोतर झटकत उठले. "पाचही मायाच वावरात उतरवा," त्यांनी साहेबांना सांगितलं. अशा रीतीनं, निव्वळ संशयापोटी, गावातला सर्वांत संशयी माणूस गावातल्या सर्वांत संशयास्पद झाडांचा धनी झाला.

साहेब जाताना म्हणाले, दर महिन्याला जानराव येऊन झाडं बघतील, ते सांगतील तसं करा.

जानराव गावचेच, बौद्धवाड्यातले. इंद्रभान आणि बनाबाई यांचा मुलगा. धर्म बदलल्यावर त्या घरानं गावकीची कामं सोडली. जानरावांनी सरकारी रोपवाटिकेत मजुरी करता करता कलमाची विद्या उचलली आणि आता पंचक्रोशीतल्या संत्र्यांना डोळे बांधायला लोक त्यांनाच बोलावत. डोळा बांधायचा म्हणजे चांगल्या झाडाच्या काडीवरचा एक डोळा सालीसकट काढायचा आणि रानटी रोपाच्या सालीत बसवायचा. तो जगला की वरचं झाड त्याचं. खाली राहतो तो रानटी खुंट, मुळांपुरता. जानराव इस्त्रीचा पांढरा सदरा घालत, खिशात घडीचा चाकू ठेवत आणि समोर कोणीही असो, ताठ उभं राहून नमस्कार म्हणत. त्यांचे वडील उकंडरावांच्या वडलांना वाकून जोहार करत. हा फरक उकंडरावांनी टिपून ठेवला होता. जो माणूस वाकत नाही, त्याच्या मनात काय आहे ते कळावं कसं?

पहिलं झाड पोळ्याच्या आत गेलं. मुळाशी पाणी तुंबलं होतं, पण उकंडरावांना वाटलं कोणीतरी मिठाचं पाणी घातलं. त्यांनी माती चाखून पाहिली. खारट लागली नाही, म्हणजे घालणारा हुशार होता. दुसरं वाळवीनं खाल्लं. तिसरं झुंबरबाईच्या बकरीनं. झुंबरबाई शेजारच्या वावरातली म्हातारी, तिला धड दिसतही नव्हतं, तेव्हा तिच्यावर संशय घेण्यासारखं काही नव्हतं. म्हणून तो बकरीवर घेतला. एवढं मोठं रान सोडून ती नेमकी तिथंच कशी आली? चौथं वैशाखात वाळलं. उरलं एक, विहिरीजवळचं.

"उकंडरावची इस्टेट आता एका काडीवर टांगली," दयाराम शिंपी दुकानात बसून सांगू लागला. ते उकंडरावांच्या कानावर आलं. हे एक झाड गेलं, की सरकारी साहेबानं काड्या देऊन उकंडरावला ठकवलं, असं गाव जन्मभर म्हणणार. फळ त्यांना नकोच होतं. पण झाड जगायला हवं होतं, मनकर्णाबाई म्हणत तसं, नाकासाठी.

त्या दिवसापासून ते डोळ्यांत तेल घालून झाडाकडे पाहू लागले आणि तेव्हा त्यांना जे दिसलं त्यानं त्यांची झोप उडाली.

झाडाच्या बुंध्यावर वीतभर उंचीला एक गाठ होती, कलमाची. गाठीच्या वर दोन बारक्या काड्या आणि मरतुकडी पानं. गाठीच्या खाली मात्र दर महिन्याला हिरवेगार, बोटाएवढे जाड कोंब तरारून यायचे. आणि दर महिन्याला जानराव यायचे, नमस्कार म्हणायचे, उकिडवे बसायचे आणि नेमके तेच कोंब अंगठ्यानं कटाकट मोडून टाकायचे.

"जानराव, हे एवढं हिरवंगार काऊन मोडून राह्यला?"

"भाऊ, हा खालचा फुटवा हाये. खुंटाचा. रानटी. याले राहू देलं त वरचं मरते."

"पन जोर त याच्यातच दिसते."

"जोर रानटीचाच दिसते, भाऊ. म्हनून त मोडा लागते."

उत्तर फार पटकन आलं. पटकन येणारी उत्तरं पाठ केलेली असतात, असा उकंडरावांचा अनुभव. घरी त्यांनी हे मनकर्णाबाईंना सांगितलं. त्या चुलीपुढून म्हणाल्या, "त्याले कयते त्यातलं तुमाले काय कयते? मोडू द्या न त्याले." बायकोही त्याच्याच बाजूची, हे उकंडरावांनी मनाशी नोंदवलं.

मग एक दिवस ते रंगरावांच्या बागेवरून जात होते. जानराव तिथं संत्र्याला डोळे बांधायला गेले होते आणि बांधावर बसून चहा पीत होते. कपबशीत. चिनी मातीच्या त्याच कपबशीत, जिच्यात रंगराव पितात. उकंडराव जागीच थबकले. त्यांच्या स्वतःच्या घरी जानरावांसाठी जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, एक कप गोठ्याच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला होता. मनकर्णाबाई वरून चहा ओतत, जानराव पिऊन, विसळून कप पुन्हा कोनाड्यात ठेवत, आणि यात कोणाला काही वावगं वाटत नसे. रंगरावांचं मन बदललं असेल, मोठं झालं असेल, ही शक्यता उकंडरावांच्या डोक्यात आलीच नाही. त्यांना एवढंच कळलं, की एवढा मान फुकट कोणी देत नाही. रंगरावांनी या माणसाकडून काहीतरी करून घेतलंय. आणि ते काय, हे आता सांगायला नको.

कार्तिक आला आणि जानरावांनी कळस केला. म्हणाले, "भाऊ, आता याचं पानी बंद करा. पानं मी काहाडतो."

"पानी बंद? मरनाऱ्याच्या तोंडचं?"

"तान द्या लागते. तुमी संत्र्याले देता तसाच. हे थंड मुलखातलं झाड, त्याले झोपाले थंडी पाह्यजे. आपल्या इकडं तेवढी थंडी नाही. म्हनून पानी तोडून, पानं काहाडून त्याले सांगा लागते, का बाप्पा, हिवाळा आला, झोप."

म्हणजे झाडालाच ठकवायचं. पण झाडाला जो ठकवतो तो मालकाला सोडेल का?

त्यांनी परीक्षा घ्यायची ठरवली. मनकर्णाबाईंच्या जुन्या लुगड्याची तांबडी चिंधी घेतली, खालच्या सगळ्यांत जोमदार फुटव्याला बांधली आणि ते भर दुपारी विहिरीमागच्या कडब्याच्या गंजीआड जाऊन बसले. चिंधी बांधलेली म्हणजे मालकानं राखलेलं, हे लहान पोरालाही कळतं. मनात पाप नसेल तर जानराव हात लावणार नाही.

जानराव आले. पानं काढली. चिंधी दिसली तसे थोडं हसले. चिंधी सोडली, फुटवा मोडला, आणि चिंधीची नीट घडी करून विहिरीच्या काठावर दगडाखाली ठेवून दिली.

गंजीआडून उकंडराव वाघासारखे बाहेर आले. "दिसलं मले! सारं दिसलं! तुया या झाडावर पयल्यापासून डोया हाये!"

आवाज एवढा मोठा होता की शेजारच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बाया आणि वाटेनं जाणारा दयाराम शिंपी धावत आले.

"डोया त मीच बसवला याच्यात, भाऊ," जानराव म्हणाले. "हे पाचही कलमं माया हातचे. रोपवाटिकेत म्याच बांधले होते. साहेबानं सांगतलं नसंल."

ही गोष्ट उकंडरावांना खरंच ठाऊक नव्हती. दुसरा कोणी असता तर इथं थांबला असता. "असं! मंग त खोट कुठी ठेवली ते तुलेच पक्कं मालूम! रंगरावच्या कपातला चहा गोड लागला का बे?"

जानरावांचा चेहरा पडला. हा मार कुठून आला ते त्यांना कळेपर्यंत वेळ लागला. मग त्यांनी चाकू उघडला, वाकून वरच्या दोन काड्यांपैकी एक छाटली. "खालचं राहू द्याल त हे गेलं समजा," एवढं बोलून ते बांधावरून उतरून गेले. जाता जाता शेवटचा घाव घातलाच, हे उकंडरावांनी पुढे महिनाभर प्रत्येकाला सांगितलं.

गावानं ते ऐकलं आणि आपलं त्यात घातलं. जानरावच्या हाताला गुण नाही. त्याचा डोळा झाडाला लागतो. चार झाडं त्यानंच खाल्ली. एकानं बोलावणं थांबवलं, मग दुसऱ्यानं. पुढच्या साली रंगरावांच्या बागेत दहा-बारा संत्री वरून वाळत आली तशी त्यांनीही कपबशी आवरली. कलमाचा माणूस हातावर जगतो; हाताचं नाव गेलं की काय राहतं? जानराव बायकोला, भिमाबाईला, आणि लेकरांना घेऊन देऊळगाव राजाकडे एका बागाईतदाराच्या मळ्यावर कामाला गेले. म्हातारी बनाबाई तेवढी गाव सोडून जायला तयार झाली नाही. ती नदीवरून पाणी आणायची तेव्हा बाया बोलायच्या थांबायच्या.

"पाह्यलं?" उकंडराव म्हणाले. "दोषी नसता त पयाला असता का?"

इकडे झाड मात्र पाहत राहावं असं झालं. खालचा फुटवा हातभर झाला, पुरुषभर झाला. वरचं कलम त्याच्या सावलीत वाळून गेलं, तेव्हा उकंडरावांनी स्वतःच्या विळ्यानं ती काडी गाठीपासून कापून टाकली, साप मारावा तशी. जानराव गेल्यावर तिसऱ्या वर्षी माघात झाडाला फूल आलं. साहेब म्हणाले होते पांढरं येईल. हे गुलाबी आलं. हायब्रीडच ते, उकंडरावांनी मनाची समजूत घातली. सगळं गाव पाहायला आलं. दयाराम शिंपी आला आणि काही न बोलता परत गेला, तो उकंडरावांच्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा दिवस.

वैशाखात फळं पिवळी पडली. सुपारीपेक्षा थोडी मोठी, अंगावर लव. उकंडरावांनी कोणाला हात लावू दिला नाही. पहिलं फळ त्यांनी रीतीप्रमाणे झुंबरबाईच्या बकरीपुढे धरलं. तिनं हुंगलं आणि तोंड फिरवून निघून गेली. मग त्यांनी धोतराला पुसून स्वतः चावा घेतला. कडू. नुसतं कडू नाही, तुरट, जीभ आखडेल असं, आणि आत बोराच्या चौपट बी. त्यांनी दुसरं चाखलं, तिसरं चाखलं. मग ते तिथेच बसले. झाड कोणी बदललं?

जुने साहेब बदलून गेले होते. नवे होते पुण्याकडचे, तरुण. उकंडरावांनी त्यांना मेहकरहून बोलावून आणलं आणि फिर्याद मांडली. साहेब झाडाभोवती फिरले. फळ फोडलं. हसले.

"काका, हा तर नुसता खुंट आहे. रानटी पीच. कलम कुठे गेलं?"

उकंडरावांनी नजर विहिरीकडे वळवली.

साहेबांनी खाली बसून बुंध्याजवळचं गवत बाजूला सारलं. वीतभर उंचीला गाठ होती, आणि गाठीवर जुना, वाळलेला काप. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं. "इथं होतं. चांगलं होतं. हे कोणी कापलं?"

जन्मभर पुरावा नसताना लोकांची नावं घेणाऱ्या उकंडरावांना आज पहिल्यांदा गुन्हेगार नक्की ठाऊक होता. आणि आजच त्यांच्या तोंडून नाव निघेना. "कोनाले मालूम," ते म्हणाले. साहेब गेल्यावर ते विहिरीच्या काठावर किती वेळ बसले ते मनकर्णाबाईंनी मोजलं नाही, पण भाकरी दोनदा गरम करावी लागली.

आठ दिवसांनी दयाराम शिंपी देऊळगावच्या बालाजीला जाऊन आला. त्यानं दुकानात एक फळ आणून ठेवलं होतं. काळसर तांबडं, गुळगुळीत, लहान लिंबाएवढं. "आलुबुखारा," तो मोठ्यानं म्हणाला. "जानरावच्या दारातला. गोड हाये."

उकंडराव दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं निघाले. ही गाडी कुठं जाते हे त्यांनी कोणालाही विचारलं नाही.

मळ्यावर जानरावांचं दोन खोल्यांचं घर होतं आणि दारात ते झाड. फार मोठं नव्हतं. पण पानाआड फळं लटकलेली होती आणि ती कडू नाहीत हे पाखरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. भिमाबाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला. उन्हातून चालून उकंडरावांचा घसा एवढा सुकला होता की तांब्या कोणाच्या घरचा हे मनात यायच्या आत तो रिकामा झाला.

जानराव बाहेर आले. नमस्कार म्हणाले.

"हे झाड कुठून आनलं?" उकंडरावांनी नमस्कार न घेता विचारलं. "पाचही मायाच वावरात होते."

"तुमच्याच वावरातून, भाऊ. चोरलं."

"म्या म्हनलोच होतो!" उकंडराव ओरडले. त्यांचा चेहरा असा खुलला की भिमाबाईला तोंडाला पदर लावावा लागला. इतक्या वर्षांत एक संशय तरी सोळा आणे खरा निघाला! तो आनंद त्यांना घोटभर पुरला, आणि मग ओसरला.

"हाव, म्हनले होते," जानराव म्हणाले. "त्या दिशी वरची काडी छाटून घेतली न मी. ओल्या फडक्यात गुंडायली, घरच्या डब्यातल्या एका खुंटावर तिचा डोया बांधला, अन् इकडं येतानी ते संगं आनलं. तुमी खालचा राखसान हे मले दिसत होतं. माया हातचं होतं ते, भाऊ. डोयादेखत मरू कसं देऊ?"

त्यांनी एक फळ तोडून दिलं. उकंडरावांनी ते पुसलं नाही, हुंगलं नाही. रस मनगटावरून कोपरापर्यंत गेला. त्यांना लाज वाटली, एवढी की फळ संपल्यावर बी हातात धरून ते खालीच पाहत राहिले.

"जानराव, एक डोया दे मले याचा. त्या रानटीवर बांध."

"देतो. पन मले एक पाह्यजे." जानराव म्हणाले. "माय तिथं एकटी हाये. गाव म्हनते तिच्या पोराच्या हाताले गुन नाही. ते आइकत आइकत ती खचून गेली. मले परत यायचं हाये, भाऊ, माया घरी. वरचं कलम कोनं कापलं, तेवढं लिंबाखाली सांगा. चारचौघात. मंग बांधतो."

उकंडरावांनी हातातली बी उलटसुलट केली. न फसल्याची ती इस्टेट, तेवढी देऊन टाकायची होती. "ये," ते शेवटी म्हणाले. "साल सुटली का ये."

श्रावणात झाडांची साल सुटू लागते, तेव्हा जानराव ओल्या फडक्यात काड्या घेऊन आले. लिंबाखाली लोक जमले. रंगराव होते, दयाराम होता, आणि पाराच्या कडेला जमिनीवर बनाबाई काठी धरून बसली होती. उकंडराव उभे राहिले.

"माया झाडाचं कलम म्या कापलं," ते म्हणाले. "माया विळ्यानं. जानराव खरं सांगत होता, म्या आइकलं नाही. त्याच्या हाताले काही दोष नाही. रंगरावचं नाव बी म्या उगीच घेतलं. मले कोनी ठकवलं नाही; म्याच मले ठकवलं."

बनाबाईनं मान वर केली. मग रंगराव हळूच म्हणाले, "देऊळगावले काय खाऊ घातलं वो तुमाले?"

दयाराम हसला. "आलू बी खाऊ घातला, अन् बुखार बी."

"आरे, खरं सांगून राह्यलो!"

"कलम पाह्यजे म्हनून बोला लागते, समजते आमाले," तिसरा कोणी म्हणाला. "तुमी अन् ठकनार? उकंडराव कोनाले ठकत नाही. सारी जिंदगी तुमीच त सांगतलं."

उकंडरावांनी लेकरांची आण घेतली. विळा आणून दाखवतो म्हणाले. जितके ते तळमळत होते तितके लोक जास्त समजूतदारपणे माना हलवत होते. असा पाठ केल्यासारखा कबुलीजबाब कोणीतरी शिकवल्याशिवाय येत नाही, हे त्यांना उकंडरावांनीच शिकवलं होतं. बनाबाईनं काठी टेकली आणि ती उठली. "चाल, जानू," ती म्हणाली. "आइकलं म्या."

जानराव तरीही वावरात आले. शब्द दिला होता. त्यांनी खुंटाची साल चिरली, डोळा आत सरकवला, आणि उकंडरावांनी त्यावर अंगठा धरला तोवर सुतळीनं बांधून घेतला.

"पुढच्या महिन्यात येशील न? खालचं मोडाले?"

"तुमीच मोडा आता, भाऊ. तुमाले कयलं." 

संध्याकाळच्या गाडीनं जानराव परत गेले. बनाबाई या खेपेला त्यांच्यासोबत होती, एक गाठोडं आणि काठी घेऊन. उकंडराव गाडीपर्यंत गेले. गाठोडं त्यांनीच वर चढवलं.

डोळा धरला, तसं वरचं रानटी झाड छाटून टाकलं. उकंडराव दर आठवड्याला वाकून खालचे फुटवे स्वतःच्या अंगठ्यानं मोडत आणि कार्तिकात पाणी तोडत. तीन वर्षांनी काळसर तांबडे आलुबुखारे आले, आणि त्यांनी ते टोपलीत घालून घरोघर वाटले. गावानं मिटक्या मारत खाल्ले आणि गोष्टही बनवून टाकली. जानरावनं डोळा चोरून नेला होता, आणि उकंडरावांनी देऊळगावला जाऊन, त्याला गोड बोलून, चारचौघांत खोटं बोलून तो मोठ्या हुशारीनं परत आणला. असा माणूस पंचक्रोशीत नाही. त्याला कोणी ठकवू शकत नाही.

"तसं नव्हतं बाप्पा ते," उकंडराव सांगत. ओसरीवर आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगत, चहाच्या आधी, मरेपर्यंत सांगत राहिले. पाहुणा आलुबुखाऱ्याची बी थुंकून त्यांच्याकडे पाही आणि डोळा मिचकावी.